लागण रोखणारी गोळी आहे, पण सांगतो कोण?

संपादक महोदय,

एचआयव्हीची लागण होण्याआधीच ती रोखणारी गोळी आहे, हे अजून कितीतरी जणांच्या कानावरही गेलेले नाही. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन या दोन औषधांची ही गोळी 'प्रेप' म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. लागणीचा मोठा धोका असलेल्या सर्वांना ती द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. नेमाने घेतली तर शरीरसंबंधातून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. तरीही २०२४ मध्ये जगभरात सुमारे १३ लाख लोकांना नव्याने लागण झाली.

मी समुपदेशनाचे काम करते. देहविक्री करणाऱ्या महिला, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे तरुण, कामासाठी दूर राहणाऱ्या मजुरांच्या बायका चाचणीसाठी येतात. निकाल निगेटिव्ह आला की सुटलो म्हणत उठतात. खरे तर प्रेपबद्दल बोलण्याची वेळ तीच. सांगितले की प्रश्न ठरलेला, "मला काही झालेलं नाही, मग औषध कशाला?" मलेरियाच्या भागात जाणारा माणूस आधीपासून गोळ्या घेतो, तसेच हे, असे सांगितले की बहुतेकांना पटते. पण एवढे सांगायलाही कुणी वेळ देत नाही. उलट खिडकीपाशी रांगेसमोरच मोठ्याने खासगी प्रश्न विचारले जातात आणि बाई परत फिरकत नाही.

दुसरी अडचण घरातली. हीच औषधे एचआयव्हीच्या उपचारातही वापरतात. डबी दिसली की हिलाच आजार आहे, असे घरचे धरून चालतात. एकीने गोळ्या जीवनसत्त्वाच्या डबीत भरल्या होत्या, आणि खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस दाबला होता. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या पाच हजारांवर महिलांच्या 'व्हॉइस' अभ्यासात, गोळी दिलेल्यांच्या रक्ताच्या नमुन्यांपैकी जेमतेम ३० टक्क्यांत औषध सापडले. लोक आपल्याला बाधित समजतील, ही धास्ती गोळी न घेण्यामागच्या कारणांपैकी एक होती. अशा बायांना बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

लपवाछपवीची ही कटकट इंजेक्शनाने टळू शकते. दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राविरला अमेरिकेत २०२१ मध्ये, तर सहा महिन्यांनी घ्यायच्या लेनाकापाविरला २०२५ मध्ये मान्यता मिळाली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत लेनाकापाविर घेणाऱ्या २,१३४ तरुणी व मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण ज्यांना गोळीच माहीत नाही, त्यांना इंजेक्शन कोण सांगणार? १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या फलकांनी हे होणार नाही. त्याच वस्तीतल्या, तेच जगणे जगणाऱ्या बाईला प्रशिक्षण आणि रीतसर मानधन द्या. तिचे म्हणणे ऐकले जाते.

आपल्या आरोग्य पुरवणीत यावर सविस्तर, सोप्या भाषेत लेख यावा, ही विनंती. प्रेपआधी एचआयव्ही चाचणी लागते आणि गोळी चालू असताना दर तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. इतर गुप्तरोग प्रेपने टळत नाहीत, त्यासाठी कंडोम हवाच. आणि धोका घडून गेला असेल तर ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, 'पेप' ही २८ दिवसांची वेगळी औषधे सुरू करता येतात. एवढे तरी त्यात ठळक छापावे.

आपली,
एक समुपदेशक