लेकराच्या स्वभावावर शिक्का मारू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे, वीस वर्षं झाली या कामाला. मागच्या महिन्यात माझी नववीतली पोरगी तालुक्याच्या क्लासमधून एक कागद घेऊन आली. मोबाईलवर स्वभावाच्या टेस्टचे प्रश्न सोडवून घेतले आणि चार इंग्रजी अक्षरं हातात दिली, आय एस एफ जे, खाली लिहिलं की ही इंट्रोव्हर्ट, म्हणजे अबोल, आपल्यातच राहणाऱ्या टाईपची आहे, स्टेजची कामं आणि लीडरशिप हिला जमणार नाही. पोरीने शाळेत भाषणाला नाव दिलं होतं ते दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं. म्हणते, "आई मले नाई जमत, माझा टाईपच तसा आहे." रात्रभर झोप नाही आली मला.

स्वभाव जन्मजात नसतो असं मी म्हणतच नाही. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात हे मी दर जूनमध्ये डोळ्यांनी बघते. नवीन लेकरं आली की एक थेट खेळण्याच्या पेटीत हात घालते, एक मान लाल होईपर्यंत रडते आणि एक जण एका हाताने चौकट अन् दुसऱ्या हाताने आईचा पदर धरून तासभर नुसतं बघून राहते. जुळी भाऊबहीण आली होती एकदा, एकाच घरातली, एकाच ताटात जेवणारी, पण एकाला खिचडीचा वास नवा वाटला तरी दोन दिवस तोंड लावायचं नाही आणि दुसरी वाटी चाटून पुसून खायची. हे कोणी शिकवलं होतं त्यांना?

मुक्त विद्यापीठातून बीए करताना मी थॉमस आणि चेस या डॉक्टर नवराबायकोबद्दल वाचलं. 1956 मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी शंभरावर तान्ही बाळं बघायला सुरुवात केली आणि ती मोठी होईपर्यंत बघत राहिले. साधारण 40 टक्के शांत, 10 टक्के हट्टी, आणि 15 टक्के अशी की जी नव्या गोष्टीजवळ हळूहळू सरकतात. आणि उरलेली 35 टक्के कोणत्याच खान्यात बसली नाहीत, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. त्यांचं म्हणणं होतं की लेकरू बिघडते ते स्वभावामुळे नाही, स्वभाव आणि घरचं वागणं यांचा मेळ बसत नाही त्यामुळे.

माझी पोरगी त्या हळू सरकणाऱ्यांतली. चार वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी छातीशी धरून देवळाच्या पायरीवर बसली, सगळी पोट्टी तोरणाखाली गेली पण ही हलेना. बाया म्हणाल्या ओढून ने, मी नाही ओढलं, शेजारी बसून राहिले. अंधार पडता पडता गर्दी पांगली तेव्हा ती स्वतःहून उठली, नंदी तोरणाखाली नेऊन उभा केला आणि परत येऊन मला म्हणाली, झालं. पुढच्या वर्षी पाच मिनिटांत गेली.

आता या चार अक्षरांचं. स्विस डॉक्टर युंग यांनी 1921 मध्ये टाईपचा विचार मांडला, त्यावरून अमेरिकेतल्या ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी ही टेस्ट बनवली, दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. अहो माणसाची उंची मोजली तर बुटके आणि उंच असे दोनच ढीग पडतात का? बहुतेक सगळे मधलेच. बोलकेपणाचंही तसंच आहे, आणि ही टेस्ट बरोबर मधोमध रेघ मारते, मग रेघेच्या जरा अलीकडचा आणि पार टोकाचा दोघांनाही एकच अक्षर. काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली तर कितीतरी जणांची अक्षरं बदलतात. जुळ्यांवरचे अभ्यास सांगतात की स्वभावातला साधारण निम्मा फरक रक्तातून येतो, मग बाकीचा निम्मा आम्ही मायबाप आणि गुरुजी काय करतो त्यावर नाही का थोडातरी?

क्लासवाल्यांशी मी बोलले, ते म्हणाले फीमध्येच आहे ही टेस्ट, सगळीकडेच चालते. चालत असेल बाप्पा, पण चौदा वर्षांच्या लेकराला "जमणार नाही" लिहून देऊ नका एवढीच माझी मागणी आहे. आणि पालकांनो, असा कागद घरी आला तर लेकरू पहिल्यांदा अंगणवाडीत आलं तेव्हा कसं होतं आणि महिन्याने कसं होतं ते आठवा, नाही आठवलं तर तुमच्या सेविकेला विचारा, आम्हाला आठवते.

पोरीचं नाव मी शाळेत जाऊन परत लिहिलं नाही. तिला म्हटलं, तुले वाटलं तर तूच लिही, 26 जानेवारीला अजून वेळ आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ