बारीक माणसाचाही फोटो छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. मजकूर चांगला होता. तक्रार आहे ती चित्राबद्दल. ढेरपोट्या गृहस्थ आणि हातात जिलबीची बशी! दरवर्षी हेच गृहस्थ भेटतात. त्यांच्याकडे बघून मी वीस वर्षं निर्धास्त राहिलो. वजन ५६ किलो, चहा बिनसाखरेचा, गोडाची आवड बेताचीच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा उपाशीपोटी साखर २४० निघाली. नर्सबाईंनी आधी कागद पाहिला, मग मला पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, रिपोर्टची अदलाबदल झाली असेल, परत घेऊ." परत घेतलं. तेच.

पुण्यात राहून मी एवढा अडाणी राहायला नको होतो. इथल्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत, की आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी लपलेली असते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा जोडीने फोटो आला होता. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी नवजात बाळंही मोजली. इंग्लंडमधलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं, पण चरबी त्या मानाने कमी नाही, कमी पडतात ते स्नायू. म्हणजे आईच्या पोटात असल्यापासून हिशेब सुरू होतो. पोरीबाळींच्या ताटात काय पडतं, हाही मधुमेहाचाच प्रश्न झाला.

माझी पिठाची गिरणी आहे. वडिलांच्या वेळी ज्वारी-बाजरीचं दळण जास्त असायचं. आता दिवसभर गहू, तोही "एकदम बारीक द्या" म्हणून. घरी नेऊन पुन्हा चाळतात आणि कोंडा टाकतात. कोंड्याचा मांडा करणाऱ्या आज्या गेल्या! साखर निघाली की तेच गिऱ्हाईक पाच किलो गव्हात मूठभर सोयाबीन, मूठभर नाचणी घालून आणतं आणि 'मल्टिग्रेन' दळून नेतं. मी मुकाट दळतो. धंदा आहे. पण खरं सांगायचं तर नुसतं पीठ बदलून भागत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये हेच पुढे आलं: आपले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, आणि भाताऐवजी पोळी किंवा भाकरी घेतली म्हणून धोका कमी होत नाही. एकूण पिठूळ खाणं कमी करून त्या जागी डाळ-उसळ, दूध-दही यायला हवं. गिरणीवाल्याने हे लिहावं म्हणजे पायावर धोंडाच, पण मी स्वतः चार पोळ्यांवरून दोनवर आलोय आणि वाटीभर मटकी वाढवलीय.

जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, असं डॉक्टर सांगतात. चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे पटतं. चालायचं कुठे? आमच्या गल्लीचा फुटपाथ दुचाकींचा. रात्री साडेनऊला मी गिरणीचं शटर ओढून आतल्या आतच येरझाऱ्या घालतो.

एक विनंती. आरोग्य शिबिरांत वजनकाट्याशेजारी एक टेप ठेवायला सांगा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली, तर काटा काही म्हणो, रक्त तपासून घ्यावं. माझी ९४ भरली. सदरा सैल घालत असल्याने कुणाला दिसली नव्हती, मलाही नाही. आणि पुढच्या वर्षी चित्रात जिलबीवाल्या गृहस्थांना सुट्टी द्या. बारीक माणूस मिळाला नाही, तर माझा फोटो पाठवतो.

आपला,
एक गिरणीवाला वाचक, पुणे