स्टेनलेसच्या डायला माइल्ड स्टीलची मापे: दुरुस्ती नको, नव्या डाय बुश हव्यात

मिरजोळे एमआयडीसी, रत्नागिरी
दि. ८ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, टूल विभाग

विषय: १.५ मिमी एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) पत्र्याच्या पाइप क्लिपसाठी पुरवलेल्या पाच स्टेशनच्या प्रोग्रेसिव्ह डायबाबत (पट्टी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत कापणाऱ्या-वाकवणाऱ्या साच्याबाबत) तक्रार
संदर्भ: आपले ३० जूनचे पत्र

महोदय,

डाय परत पाठवल्यास धार लावून आणि शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) टाकून देऊ, असे आपण कळवले आहे. हा उपाय आम्हाला मान्य नाही. धार लावल्याने पंच (वरून कापणारा दांडा) आणि डाय बुश (तो ज्या भोकात उतरतो ती कडी) यांच्यामधली फट, म्हणजे क्लिअरन्स, बदलत नाही आणि सगळे दुखणे त्या फटीचे आहे. आम्ही दिलेल्या ड्रॉइंगवर पत्रा एसएस ३१६ आणि क्लिअरन्स दर बाजूस जाडीच्या ८ टक्के, म्हणजे ०.१२ मिमी, असे स्पष्ट लिहिले आहे. आलेल्या डायमध्ये गोल भोकाचा पंच ६.५० मिमी आणि बुश ६.६५ मिमी आहे. म्हणजे दर बाजूस ०.०७५ मिमी, बरोबर ५ टक्के. माइल्ड स्टीलच्या पत्र्याला हे माप योग्य ठरले असते. जुन्या एखाद्या डायचा प्रोग्रॅम पत्रा न पाहता वायर-कटवर (तारेने धातू कापणाऱ्या मशिनवर) चढवला गेला असावा, असा आमचा तर्क आहे.

पुरावा म्हणून पहिल्या स्टेशनवर कापून पडलेल्या पन्नास चकत्या सोबत पिशवीत पाठवत आहोत. भिंगाखाली कड पाहावी. फट योग्य असेल तर कडेवर एकच चकचकीत पट्टा आणि उरलेला भाग मंद, तुटलेला दिसतो. या चकत्यांवर दोन चकचकीत पट्टे आहेत आणि मधे तुटल्याची रेघ. पंचाकडून निघालेली चीर आणि बुशकडून निघालेली चीर एकमेकींना भेटलेल्या नाहीत, त्यामुळे मधला धातू दुसऱ्यांदा कापला गेला. माइल्ड स्टीलमध्ये हे एक वेळ निभावते. ३१६ दाबला की जागेवरच कडक होतो, त्यामुळे दुसरा काप आधीच कडक झालेल्या धातूत बसतो. पंच वर जाताना पत्रा त्याला घट्ट धरून ठेवतो आणि सगळा ताण स्ट्रिपरच्या (पंचावरून पत्रा उतरवणाऱ्या प्लेटच्या) स्प्रिंगांवर येतो. ९,००० स्ट्रोकच्या आत सहापैकी दोन स्प्रिंगा तुटल्या, त्या यामुळेच. ११,४०० स्ट्रोकला ६.५० च्या पंचाची धार उडाली. करारात एकदा धार लावल्यापासून पुढची धार लावेपर्यंत ५०,००० स्ट्रोक ठरले होते.

पंच फुटण्याला आणखी एक कारण दिसते. डी-२ स्टीलची हार्डनेस ५८ ते ६० एचआरसी मागितली होती, आमच्या टेस्टरवर ६२ भरली. टेंपरिंग दोनदा झाल्याचा हीट ट्रीटमेंटचा दाखला डायसोबत आलेला नाही. तो पाठवावा.

दुसऱ्या स्टेशनवर ६ × १८ मिमीच्या लांब भोकाला एका बाजूस बर (कापाच्या कडेला उठलेली धारदार किनार) ०.१४ मिमी आणि समोरच्या बाजूस जेमतेम ०.०३ मिमी आहे. ड्रॉइंगप्रमाणे मर्यादा ०.०८. प्रेस हाताने फिरवून पंच बुशमध्ये उतरवला आणि फीलर लावला, तर एका बाजूची फट ०.०४ आणि दुसरीची ०.११ निघाली. पंच ०.०३५ मिमीने सरकून बसला आहे. या ठिकाणी शिम टाकून उपयोग नाही, पंच होल्डरच्या डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोके नव्याने घ्यावी लागतील.

आमच्या प्रेसचा रॅम (वरखाली होणारा भाग) समांतर नसल्याचा संशय आपण व्यक्त केला आहे. डायल लावून पाहिले, ३०० मिमीत फरक ०.०२ मिमी आहे. भाराचा प्रश्नही उद्भवत नाही. एकूण कापाची लांबी २१० मिमी, जाडी १.५ मिमी आणि ३१६ ची कापण्याची ताकद सुमारे ५०० न्यूटन प्रति चौ. मिमी धरली, तर भार साधारण १६ टन येतो. प्रेस ४० टनांचा आहे.

चौथ्या स्टेशनच्या बेंडकडे पाहिले की पत्रा विसरल्याची खात्रीच पटते. पंच नेमका ९० अंशांचा केला आहे. या पत्र्याचा स्प्रिंगबॅक (वाकवल्यावर थोडे परत उघडणे) धरून पंच ८७ ते ८८ अंशांचा हवा होता, म्हणून प्रत्येक क्लिप ९२.५ अंशांवर उघडी राहते. शिवाय ऑर्डरमध्ये असूनही या पंचाला टीआयसीएन (टायटॅनियम कार्बोनायट्राइड) कोटिंग नाही. उघड्या डी-२ ला स्टेनलेस चिकटतो, मग चिकटलेले कण पुढच्या क्लिपा ओरबाडतात आणि डायचे लोखंड क्लिपांच्या अंगाला लागते. आम्लयुक्त मोरचुदाच्या द्रावणाचा थेंब बेंडवर टाकला की तांबूस ठिपके उठतात. खाऱ्या हवेत गंज पहिल्यांदा तिथेच धरणार. बोटीवर लावायची क्लिप आठ दिवसांत तांबूस पडली, तर ३१६ चा महाग पत्रा घेऊन मिळवले काय?

पायलटबद्दल (भोकात शिरून पट्टी जागेवर आणणाऱ्या पिनेबद्दल) थोडक्यात: त्याचा पूर्ण व्यासाचा भाग स्ट्रिपरखाली येतच नाही, फक्त निमुळते टोक ०.८ मिमी बाहेर दिसते. पट्टी जागेवर येण्याआधीच स्ट्रिपर तिला दाबून धरतो. मग पिच (दर स्ट्रोकला पट्टी सरकण्याचे अंतर) ०.१५ मिमीपर्यंत चुकते आणि पायलटची भोके लांबट होतात. सरळ भाग निदान १.५ मिमी बाहेर हवा.

पॅकिंगचेही सांगायला हवे. भर जूनमध्ये आंबा घाटातून येणारी डाय लाकडाच्या भुशात, तेलाचा हात न फिरवता पाठवली गेली. भुसा ओल धरून ठेवतो. पेटी उघडली तेव्हा चारही गाइड पिलरांवर गंजाचे टिपके होते. यापुढे गंजरोधक तेल, त्यावर व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणारा) कागद आणि बंद प्लॅस्टिक, एवढे तरी करावे.

आमची मागणी अशी. कापण्याच्या चारही स्टेशनांत खाली पडते ते भंगार आणि पट्टीवर उरतो तो माल, म्हणजे मालाचे माप पंचाने ठरते. त्यामुळे कापणाऱ्या पंचांची मापे बदलू नयेत, वाढवायचे ते बुशचे माप. गोल भोकाची बुश ६.६५ ऐवजी ६.७४ मिमी आणि लांब भोकाची ६.१५ × १८.१५ ऐवजी ६.२४ × १८.२४ मिमी करावी. खाच आणि कटऑफच्या इन्सर्टनाही हाच हिशेब. जुन्याच बुश वायर-कटवर वाढवून न देता नव्या द्याव्यात, कारण त्यांच्या कडाही चिरडल्या आहेत. वायर-कट एकाच कटात न उरकता शेवटी स्किम कट (हलके अखेरचे काप) घ्यावेत, नाहीतर जळालेला पातळ थर कडेवर राहतो आणि तिथून तडे जातात. फुटलेला पंच त्याच मापाचा पण ठरलेल्या हार्डनेसचा, बेंडचा पंच नव्या कोनाचा आणि कोटिंग केलेला, पायलट आणि तुटलेल्या स्प्रिंगा हे सर्व आपल्या खर्चाने हवे. लांब भोकाचा पंच होल्डर जागेवर बसवायला आपला फिटर इकडे पाठवावा.

हे सर्व १८ जुलैपर्यंत मिळावे. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. मिरकरवाड्याच्या बोटी त्याआधी फिटिंग उरकतात, नंतर क्लिपा कोणी विचारणार नाही. सध्या दोन माणसे बसून कानशीने बर काढत आहेत, त्याची मजुरी वेगळी कळवू.

आमच्या प्रेसवर, आमच्याच कॉइलवर सलग ५०० नग काढून बर ०.०८ च्या आत आणि बेंड ९० अंश अधिक-उणे अर्धा भरला, की राखून ठेवलेली ३० टक्के रक्कम त्याच दिवशी देऊ. मान्य असल्यास फिटर कोणत्या तारखेला येईल ते कळवावे.

आपला,
टूलरूम प्रमुख

सोबत: चकत्यांची पिशवी, मोजमापांचा तक्ता, बेंडवरच्या ठिपक्यांचे फोटो