ग्लेझच्या पांढऱ्या पावडरी सांभाळून हाताळा

महोदय,

फ्लॅटच्या एका खोलीत सिरॅमिक्सचा स्टुडिओ थाटणारे हौशी कारागीर भट्टीच्या आचेला जपतात. वजनकाट्याजवळ मात्र बेफिकीर असतात. ग्लेझ म्हणजे भांड्यावर भट्टीत काचेसारखा थर धरणारे मिश्रण. त्यातली सिलिका म्हणजे गारगोटीची पूड. तिचे फुफ्फुसात खोलवर जाणारे कण १० मायक्रॉनहून बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. ग्लेझमध्ये पडणाऱ्या फेल्डस्पार या खनिजात आणि चिनी मातीतही थोडी सिलिका असतेच.

सुमारे १२८० अंश सेल्सिअसवर वितळणारे साधे पारदर्शक ग्लेझ घ्या: पोटॅश फेल्डस्पार ४०० ग्रॅम, सिलिका ३००, व्हायटिंग (खडूची पूड) २००, चिनी माती १००. पंखा बंद करून, नाकावर घट्ट बसणारा एन-९५ लावून वजन करावे. रुमाल किंवा सर्जिकल मास्क इथे कुचकामी. दाढी असली तर एन-९५च्याही कडेने हवा शिरते. बादलीत आधी लिटरभर पाणी घ्यावे, मग पाण्यालगत स्कूप धरून पावडर हळूहळू सोडावी. पावडरीवर पाणी ओतले की धुरळा उडतो आणि तळाशी गुठळ्या कोरड्याच राहतात. रात्रभर भिजू द्यावे, दुसऱ्या दिवशी ढवळून ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून दोनदा गाळावे. या मिश्रणात माती कमी असल्याने ते तळाशी दगडासारखे बसते. त्यासाठी २० ग्रॅम बेंटोनाइट (अतिशय बारीक, फुगणारी माती) त्याच लिटरमधले थोडे पाणी कोमट करून त्यात आदल्या रात्री वेगळे भिजवून मिसळावे.

सांडलेले ग्लेझ ओले असतानाच पुसावे. वाळले की पुन्हा धूळ! झाडू नकोच, घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तर सर्वांत बारीक कण मागच्या बाजूने खोलीत परत सोडतो. ॲप्रन झटकू नये, धुवावा.

काही ग्लेझमध्ये वापरले जाणारे बेरियम कार्बोनेट दिसायला हुबेहूब व्हायटिंगसारखे. पण ते पोटातल्या आम्लात विरघळते आणि विषबाधा करते. उंदीर मारायलाही ते वापरले गेले आहे. शिशाचे ग्लेझ लोणच्याच्या बरणीला किंवा ताकाच्या वाटीला कधीही देऊ नये, कारण आंबट पदार्थात शिसे उतरते. अशा ग्लेझमध्ये हिरव्या रंगासाठी तांब्याचा ऑक्साइड पडला तर शिसे आणखी सुटते.

म्हणूनच सुटी पावडर विकणाऱ्यांना विनंती आहे: पिशवीवर पेनाने नुसते नाव लिहून भागत नाही. रासायनिक नाव, धुळीचा धोका आणि ‘खाण्याच्या भांड्यांसाठी नाही’ ही सूचना, जिथे लागू असेल तिथे, मराठीत छापावी.

– एक सिरॅमिक कारागीर, पुणे