‘ओ’ आईबाबांचं ‘ए’ मूल

महोदय,

रविवारच्या पुरवणीत रक्तगटांचा तक्ता छापून त्याखाली ‘आईवडील दोघेही ओ असतील तर मूल ओच’ असं ठणकावून लिहिलं आहे. परीक्षेत हे उत्तर चालेल. घरात मात्र असे तक्ते बाळाच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचले जातात आणि मग सुनेकडे बोट दाखवलं जातं. मी रक्तपेढीत नोकरी केली आहे, हा प्रकार मला नवा नाही. एक जोडपं मुलीचा ‘ए’चा रिपोर्ट घेऊन आलं होतं, दोघांच्या पाकिटात शिबिरातली ‘ओ’ची कार्डं. नवरा गप्प, प्रश्न सगळे सासूबाईंचे. पुन्हा तपासलं तर नवऱ्याचंच कार्ड चुकलेलं, तो ‘ए’ होता. बहुतेक वेळा कारण इतकंच साधं असतं.

पण कार्ड बरोबर असूनही हे घडू शकतं, आणि त्याचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. तांबड्या पेशीवर आधी ‘एच’ नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्यावर ए किंवा बी जनुकाच्या कामातून एकेक साखर जोडली जाते. ‘एच’चं जनुक १९व्या गुणसूत्रावर, ए-बीचं ९व्या. आईवडिलांकडून आलेल्या ‘एच’च्या दोन्ही प्रती निकामी असतील तर ए जनुक धडधाकट असूनही पेशीवर ए दिसत नाही. खुंटीच नाही, टोपी अडकवणार कुठे? अशी आई साध्या तपासणीत ‘ओ’ ठरते. तिचं लपलेलं ए जनुक मुलीत गेलं आणि ‘ओ’ बापाकडून ‘एच’ची चांगली प्रत मिळाली, की मुलगी सरळ ‘ए’. ‘एच’ नसणं हे स्वतः अप्रभावी गुणाच्या नेहमीच्या नियमानेच चालतं, पण एक जनुक दुसऱ्याला झाकतं, हे आपल्या तक्त्यात कुठेच बसत नाही. भारतात साधारण १०,००० जणांत एक असा सापडतो. नात्यातल्या लग्नांमुळे शक्यता वाढते, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे काही ऐकिवातली गोष्ट नाही.

शिबिरात काचेच्या पट्टीवर रक्ताचे थेंब ठेवून एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी मिसळतात. दोन्हीकडे गुठळी नाही, की कार्डावर ‘ओ’. बॉम्बे गट तिथे हमखास निसटतो. रक्तपेढीत त्याच माणसाचं सीरम ‘ओ’ पेशींवर टाकून बघितलं की गुठळी होते, खऱ्या ‘ओ’ माणसात होत नाही. हा फरक जिवाशी आहे. बॉम्बे गटाच्या रुग्णाला ‘ओ’ची पिशवी चालत नाही, त्याला बॉम्बे गटाचाच दाता लागतो. म्हणून शिबिरातल्या कार्डावर ‘रक्तपेढीत खात्री करून घ्यावी’ एवढी ओळ तरी आयोजकांनी छापायला काय हरकत आहे?

आणि आपण तक्ता पुन्हा छापलात तर ‘ओच’मधला ‘च’ काढावा, आणि खाली लिहावं की मूल कोणाचं हे रक्तगटाच्या तक्त्यावरून ठरवायचं नसतं, त्यासाठी डीएनए चाचणी असते.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, ठाणे