ड्रमला रंग कुठे लावायचा नाही, हे सांगणाऱ्या मेस्त्रींना

आदरणीय मेस्त्रीकाका यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गाडीच्या मागच्या चाकांतल्या ब्रेक ड्रमवर गंज चढला म्हणून आमच्यापैकी जो कोणी तुमच्याकडे आला, त्याला तुम्ही काम करून देण्याऐवजी ते घरी कसे करायचे हे सांगितलेत आणि एक रुपया घेतला नाहीत. नुसते 'धन्यवाद' म्हणून भागणार नाही. तुम्ही तोंडी सांगितलेले आकड्यांसकट लिहून काढतो आहोत, म्हणजे पुढच्या माणसाला हेच पत्र हातात देता येईल आणि तुमचा चहा गार होणार नाही.

सगळ्यात आधी आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल: "ड्रम उतरवताय कशाला?" आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रम बिडाचा (कास्ट आयर्नचा). बाहेरच्या अंगाला धड संरक्षण नसतेच, म्हणून समुद्राकाठच्या गावात एका पावसाळ्यात तो तांबडा होतो. अलॉय व्हील असले की ते लगेच डोळ्यांत भरते. पण बाहेरचा हा गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो. बिडाची भिंत जाड असते, तिला त्याने काही होत नाही. म्हणजे काम फक्त दिसण्याचे असेल तर ड्रम जागेवर ठेवूनच करावे. त्यातून काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंगचे हब (ज्यावर चाक बसते तो मधला भाग) एकच असते. तिथे मधली टोपी काढून स्पिंडल नट सोडावा लागतो, तो नट कित्येकदा एकदाच वापरायचा असतो आणि त्याचा टॉर्कही (आवळण्याचा जोर) मोठा असतो. रंगासाठी बेअरिंगला हात लावणे म्हणजे नसते दुखणे विकत घेणे.

उतरवायचा तो दोनच कारणांसाठी: आत लायनर (ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून टेकणाऱ्या शूवरचे अस्तर) बघायचे असतील, किंवा ड्रम आणि हब वेगळे असून त्यांच्या मध्ये गंजाची खपली धरली असेल.

गाडी उचलण्याबद्दल तुम्ही जे बोललात ते आधी. जमीन सपाट हवी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवायची; नुसत्या जॅकवर काम नाही. हँडब्रेक सोडलेला असला पाहिजे, नाहीतर ड्रम ना फिरणार ना निघणार. पुढच्या चाकांना ओढ असलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवता येते. ईको, ओम्नी, बोलेरो यांना मागच्या चाकांची ओढ. तिथे मागचे एक चाक उचलले की गिअरचा भरवसा धरता येत नाही, सगळी भिस्त ठोकळ्यांवर.

अडकलेल्या ड्रमवर हातोडी कुठे मारायची, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलेत. काठावर नाही. बीड वाकत नाही, तडकते, आणि काठाचा टवका उडाला की ड्रम भंगारात. पुष्कळ ड्रमना दर्शनी बाजूला आट्यांची दोन भोके असतात, बहुधा आठ मिलिमीटरच्या बोल्टची. दोन्हीत बोल्ट घालून आलटून पालटून पाव-पाव फेरा पिळायचे. ड्रम सरळ बाहेर येतो. एकाच बाजूचा पिळत राहिलात तर तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. हबच्या कडेला गंज सोडवणारे तेल थेंबभर सोडून तासभर वाट बघायची, फवारा मारायचा नाही, कारण ते आत लायनरवर गेले तर लायनर बदलावे लागतात, आणि तेही दोन्ही चाकांचे. बोल्टने हलला पण बाहेर येईना, तर अडचण शू घासून ड्रम झिजल्याने त्याच्या आतल्या कडेला उरलेल्या उंचवट्याची असते. बॅकिंग प्लेटचे (ड्रममागच्या पत्र्याच्या तबकडीचे) रबरी बूच काढून अॅडजस्टर (शू ड्रमच्या किती जवळ राहतात ते ठरवणारा भाग) सैल करायचा. ड्रम निघाल्यावर ब्रेकच्या पेडलला पायसुद्धा लावायचा नाही. व्हील सिलिंडरचे (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या नळकांड्याचे) पिस्टन बाहेर येतील आणि रंगाचे काम ब्रेक ऑइलच्या दुरुस्तीवर जाईल.

आतली काळी धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. जुन्या किंवा स्वस्तातल्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. मास्क लावून, ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने भिजवून फडक्याने पुसायची आणि फडके पिशवीत बांधून टाकायचे.

तुमची ड्रम वाजवून बघायची रीत फार उपयोगी पडते. उतरवलेला ड्रम भोकातून दोरीने टांगायचा आणि पान्याने हलकेच टिचकी द्यायची. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, तो रंगाखाली लपवायचा नाही. झीज किती चालेल याचा आकडा ड्रमवरच ओतीव अक्षरांत असतो, पण तो बहुधा गंजाखाली असतो. १८० मिलिमीटरच्या ड्रमला मर्यादा साधारण १८२ची. त्यापुढे गेला असेल तर घासण्यात वेळ घालवू नये, नवा घ्यावा.

आता गंज. नख ओढून बघायचे: पापुद्रा सुटला तर खपली, नुसते बोट तांबडे झाले तर डाग. खपली आधी जुन्या पटाशीने किंवा स्क्रॅपरने उडवायची, मग तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी १२०चा हलका हात. त्याहून गुळगुळीत करायचे नाही, रंगाला धरायला खरबरीतपणा लागतो. चार इंची ग्राइंडरला तारेचा कप लावला तर अर्ध्या तासात काम होते, पण ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. कपावर छापलेला आकडा त्याहून मोठा हवा. सुटलेली तार कपड्यातून आरपार जाते, म्हणून नुसता चष्मा नव्हे तर तोंडभर शील्ड. ड्रमच्या कडेला डकवलेला पत्र्याचा छोटा तुकडा दिसला तर तो बॅलन्ससाठी असतो, गंज समजून उडवायचा नाही.

अॅसिडच्या बाबतीत तुम्ही आमच्यापैकी निम्म्यांचे ड्रम वाचवलेत. संडास धुण्याचे अॅसिड गंज खाते खरे, पण त्यातले क्लोराइड बिडाच्या छिद्रांत बसून राहते आणि रंगाखालून पुन्हा तांबडे फुटते. फॉस्फरिक अॅसिडचा रस्ट रिमूव्हर चालतो, पण उतरवलेल्या ड्रमलाच. जागेवरच्या ड्रमवर कुठलाच पातळ पदार्थ ओतायचा नाही. ड्रम आणि बॅकिंग प्लेटमधल्या फटीतून तो आत झिरपतो.

उतरवलेला ड्रम फारच गंजला असेल तर तुम्ही सांगितलेली वीज लावायची पद्धत घासण्यापेक्षा सोपी. प्लॅस्टिकच्या बादलीत दर चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. ड्रमला १२ व्होल्ट चार्जरचे ऋण टोक, बाजूला बुडवलेल्या साध्या लोखंडी पट्टीला धन टोक. दोन्ही एकमेकांना चिकटता कामा नयेत. पट्टी ड्रमच्या ज्या बाजूला, तिकडचाच गंज जोरात सुटतो, म्हणून मधून मधून ड्रम फिरवायचा. हात घालण्याआधी चार्जर बंद. पट्टी स्टेनलेस स्टीलची वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर, आणि जवळ विडी-सिगारेट नको. बाहेर काढल्यावर लगेच धुऊन हीट गनने सुकवायचा. दहा मिनिटे ओला राहिला तरी पिवळट झाक येते आणि पुन्हा १२०चा कागद हातात घ्यावा लागतो.

रॉकेल किंवा डिझेलने पुसलेल्या ड्रमवर रंग का टिकत नाही हेही तुमच्याकडूनच कळले: तेलकट थर मागे राहतो. शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा किंवा थिनरचा, स्वच्छ सुती फडक्याने, आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. क्लीनर पूर्ण उडेपर्यंत हीट गनही नाही. काही क्लीनर गरम होऊन फार घातक वायू सोडतात.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरे तर हे पत्र आहे. ड्रमचा जो सपाट चेहरा चाकाला टेकतो, आणि त्याच्या मागचा जो हबला टेकतो, त्या दोन्हींवर रंग नको. दिसायला तीच जागा सगळ्यात सपाट आणि मोहात पाडणारी. पण रंगाचा थर नटांच्या दाबाखाली आणि ब्रेकच्या उष्णतेने हळूहळू चेपतो. थर चेपला की नटांचा ताण कमी होतो, म्हणजे नट न फिरताही सैल पडतात. शिवाय थर एका बाजूला जाड असेल तर चाक किंचित डुलते. तिथे फक्त तारेचा ब्रश, धातू उघडा करायचा, बस. मधल्या गोल उंचवट्याला, जिथे चाकाचे भोक बसते, कॉपर ग्रीसचा बोटाने पुसट हात चालतो. स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या बोल्टच्या) आट्यांना नाही, कारण त्याने टॉर्कचे गणित चुकते. आतल्या घासणाऱ्या पृष्ठभागावर रंग लावू नये हे सांगायला नको, पण तिथे उडालेला तुषारही पुसून काढायचा.

मास्किंग टेप चाकाच्या टेकण्याच्या गोलापर्यंत. तो गोल कुठे संपतो हे चाक काढल्या काढल्या दिसते: आत घासलेला, बाहेर गंजलेला. त्याच वेळी खडूने रेघ मारून ठेवायची. स्टडवर रबरी नळीचे तुकडे. ड्रम जागेवर असेल तर बॅकिंग प्लेट, ब्रेकचा होज आणि मडगार्ड जुन्या वर्तमानपत्राने झाकायचे.

रंग सायलेन्सरला मारतात तसला, ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा. गावात ब्रेक फारसे तापत नाहीत, पण कुंभार्ली किंवा आंबा घाट भरल्या गाडीने उतरताना ड्रम दोनशे अंशांच्या पुढे सहज जातो, आणि दारे-खिडक्यांचा ऑइल पेंट तिथे आधी मऊ होतो, मग फुगतो. ४०० मिलिलिटरचा एक डबा दोन ड्रमना पुरून उरतो. डबा दोन मिनिटे हलवायचा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून तीन पातळ हात, दर दोन हातांत दहा मिनिटे. पहिला हात नुसता शिंतोड्यासारखा. खालचा धातू दिसत राहिला तरी चालतो. पुढचा हात डब्यावर दिलेल्या वेळेच्या आतच, नाहीतर सांगितले असतील तितके दिवस थांबून. मधल्या वेळेत मारला की खालचा थर सुरकुततो. जुलैत हे काम काढूच नये: हवेत दमटपणा इतका की रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत, तेही दुपारच्या आत. रंग काळा की चंदेरी यावर तुम्ही "काळा" म्हणालात, कारण ब्रेकची धूळ दिसत नाही. लाल ड्रमबद्दल तुमचे मत इथे लिहीत नाही.

हा रंग हवेवर नुसता सुकतो, पक्का होतो तो उष्णतेने. किती अंश, किती वेळ, हे डब्यावर असते. स्वयंपाकाचा ओव्हन वापरायचा नाही. रात्रभर सुकल्यावर हलक्या हाताने गाडी चालवून, मधून मधून ब्रेक लावत ड्रम आपोआप तापू द्यायचा. पहिल्या फेरीत थोडा धूर आणि वास येतो, त्याने घाबरायचे नाही.

चाक बसवताना नट हातानेच आट्यांवर आणायचे, तिरप्या क्रमाने आवळायचे आणि शेवटचा ताण गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने द्यायचा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला. बऱ्याच मारुती गाड्यांना ८५ न्यूटन-मीटर. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचा. ड्रम उतरवला असेल तर रस्त्यावर जाण्याआधी पेडल दाबून बघायचे, अॅडजस्टर बसवून घ्यायचा आणि हँडब्रेक किती दातांवर धरतो ते मोजायचे.

तुम्ही सांगितलेली एक खूण आम्ही आता दर सर्व्हिसला बघतो. ड्रमच्या खालच्या कडेचा रंग मऊ पडला किंवा सुटला, तर दोष रंगाचा नसतो. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणजे व्हील सिलिंडर गळतो आहे. मग डबा खाली ठेवून थेट तुमच्याकडे यायचे.

पावसात धुतलेली गाडी हँडब्रेक ओढून ठेवली की शू ड्रमला चिकटतात, त्याला मात्र रंगाचा काही उपयोग नाही. त्यासाठी तुमचाच उपाय: ठेवण्याआधी हलके ब्रेक लावत गावाला एक फेरी, आणि मग सपाटीवर गिअर आणि ठोकळा.

काकींना नमस्कार. दिवाळीनंतर आणखी दोघे ड्रम घेऊन येणार आहेत. त्यांना हे पत्र वाचायला देऊनच पाठवतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
घरी चाक खोलणारे आम्ही सर्व