किनोसाकीच्या ओकामीसानना पत्र

आदरणीय ओकामीसान,

सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी आई तुमच्या र्‍योकानात तीन रात्री राहिलो. निघालो त्या सकाळी पाऊस भुरभुरत असतानाही तुम्ही आणि तुमच्या नाकाईसान दारातून बाहेर आलात आणि आमची गाडी पुलावरून वळेपर्यंत वाकून उभ्या राहिलात. मला त्या वेळी ‘आरिगातो गोझाइमाशिता’, म्हणजे ‘फार आभारी आहोत’, एवढेच म्हणता आले. जे म्हणायचे राहिले, ते आज माझ्या भाषेत सविस्तर लिहीत आहे. एका परिचितांनी या पत्राचा जपानी अनुवाद करून दिला आहे, ती प्रत सोबत आहेच. परंतु मूळ पत्र मराठीत आणि उघड लिहिण्याचे कारण असे की, आपल्या वयस्क आईवडिलांना इतक्या दूर न्यावे की नाही, या विचारात पडलेली माणसे आमच्याकडे पुष्कळ आहेत आणि तुम्ही काय केलेत, हे त्यांना कळावे अशी माझी फार इच्छा आहे.

आमच्या वाचकांसाठी एवढे सांगते की, किनोसाकी हे जपानमधले गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव, र्‍योकान म्हणजे जपानी परंपरेतली उतारशाळा, तिचा सगळा कारभार सांभाळणारी गृहिणी म्हणजे ओकामी आणि खोलीत जेवण वाढण्यापासून अंथरूण घालण्यापर्यंत पाहुण्यांचे सगळे बघणाऱ्या त्या नाकाई.

पहिल्या रात्रीचे जेवण मी विसरू शकत नाही. आई माळकरी आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे आणि चातुर्मास सुरू असल्याने कांदा-लसूणही वर्ज्य होते. सहल ठरवून देणाऱ्यांनी ‘सर्व कळवले आहे’ असे आम्हाला ठामपणे सांगितले होते. प्रत्यक्षात तुमच्यापर्यंत एक अक्षरही पोहोचले नव्हते. ताटे समोर आली, त्यांत मासा दिसला आणि आईचा हात नकळत माळेकडे गेला. मी फोनवरच्या अनुवादकाच्या आधाराने मासे, मांस, अंडे, कांदा, लसूण अशी यादी तुम्हाला सांगितली. तुम्ही तातामीच्या चटईवर गुडघे टेकून बसलात, शेवटपर्यंत ऐकलेत आणि एकच प्रश्न विचारलात, “दाशी?”

तो प्रश्न मला सुचलाच नव्हता. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले ते पाणी बहुधा कात्सुओबुशीचे, म्हणजे धुरावर सुकवून कडक केलेल्या माशाच्या किसाचे असते आणि ते मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सुपात, उकडलेल्या भाजीत, बुडवून खायच्या रसात, सगळीकडे असते. ताटातला मासा बाजूला करून उरलेले आईला वाढले असते, तर ते आम्हा दोघींना कळलेही नसते. तुम्ही विचारलेत म्हणून तिचे व्रत राहिले. ती ताटे न बोलता उचलली गेली आणि अर्ध्या तासात गरम भात, मुळ्याचे लोणचे, आले घातलेला वाफाळता टोफू आणि भाजलेले रताळे आले. आईने तो भात दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी बोलावून एक काचेचे भांडे दाखवलेत. त्यात कोम्बूची, म्हणजे समुद्रशेवाळाची, हातभर लांब पट्टी आणि वाळवलेल्या शिताके अळिंब्या रात्रभर थंड पाण्यात भिजत पडल्या होत्या आणि पाण्याला कोऱ्या चहासारखा फिका रंग आला होता. तुम्ही ‘शोजिन’ एवढाच शब्द उच्चारलात. बौद्ध मठांतल्या या शोजिन पद्धतीत मांस-मासे तर नाहीतच, शिवाय कांदा-लसणीसारखे उग्र वासाचे पदार्थही वर्ज्य असतात, हे मी आईला सांगितले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे यांच्याकडेही आहेच की.” त्या संध्याकाळी तिळाचा आणि कुड्झू या कंदाच्या पिठाचा, खरवसासारखा थरथरणारा गोमादोफू आला, मिसो लावून भाजलेले वांगे आले, अंड्याशिवाय कालवलेल्या पिठात तळलेल्या भाज्या आल्या. ऐन मोसमातले मासे घरात आणून ठेवलेले असताना तुमच्या आचाऱ्यांनी दोन माणसांसाठी वेगळी चूल मांडल्यासारखे हे सगळे केले आणि बिलात त्याचा उल्लेखही नव्हता. त्यांना आमचा नमस्कार अवश्य सांगावा.

आता स्नानाविषयी. आईचे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. तुरळ-राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर ती लहानपणी जात असे, त्यामुळे जमिनीतून येणारे ऊन पाणी तिला नवे नव्हते. नवे होते ते वस्त्राविना चारचौघींत उतरणे. आमच्याकडे बायका लुगड्यासकट पाण्यात उतरतात. तुमच्या गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि मुक्कामी पाहुण्यांना ती खुली असतात, हे ऐकून तिने पहिल्याच दिवशी “तू जाऊन ये, मी खिडकीतून नदी बघत बसते” असे सांगून टाकले होते. माझा आग्रह चालू होता. तुम्ही मात्र तिला एकदाही आग्रह केला नाहीत. दुसऱ्या दुपारी तुम्ही आम्हाला घरातल्या छोट्या स्नानगृहापाशी नेऊन दाराला आतून कडी आहे, हे तिला स्वतः लावून दाखवलेत आणि बाहेर लाकडी पाटी टांगून निघून गेलात.

ते कुंड इतके लहान का, हे मला नंतर कळले. 1925 च्या मे महिन्यातल्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत किनोसाकी जवळजवळ सगळे जळून गेले. गाव पुन्हा उभे राहत असताना, 1927 पासून, उतारशाळांनी आपापल्या घरात गरम पाणी घ्यावे की नाही यावरून मोठा वाद न्यायालयात गेला आणि तो 1950 मध्ये समेटाने मिटला. घरात कुंड असावे, पण ते लहान असावे, म्हणजे पाहुणे बाहेर पडतील आणि गावाची सामाईक स्नानगृहे जगतील, असे ठरले. स्टेशन हे घराचे दार, रस्ते म्हणजे ओसरी, उतारशाळा म्हणजे खोल्या आणि सात स्नानगृहे म्हणजे घरातली न्हाणी, असे तुमच्या गावाबद्दल सांगतात. त्या समेटातून उरलेल्या दोन माणसांपुरत्या कुंडात माझी आई पहिल्यांदा उतरली.

बुटक्या लाकडी पाटावर बसून, बादलीने अंगावर पाणी घेऊन, साबण पुरता धुऊन मगच कुंडात जायचे, हा नियम तिला फार आवडला. “तीर्थात साबण लावायचा नसतोच,” ती म्हणाली. पाणी चवीला किंचित खारट, वास अजिबात नाही. गेली कित्येक वर्षे जिना चढताना कठड्याला धरणारी माझी आई त्या पाण्यात पाय सरळ करून, डोळे मिटून हरिपाठ म्हणत होती. मी तिला असे निवांत बसलेले बाबा गेल्यापासून पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी तिने युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसायला होकार दिला. तिने सवयीने उजवी बाजू वर घेतली होती. तुम्ही काही न बोलता तिच्यासमोर बसून ती सोडवलीत, डावी बाजू वर आणलीत, कमरेला ओबीचा पट्टा दोनदा फिरवून गाठ मागे नेलीत आणि तळहाताने चुणी सारखी केलीत. उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवताना घेतात, हे मला दुसऱ्या दिवशी नाकाईसानकडून कळले. आईला ते तुम्ही जाणवूही दिले नव्हते. गेता या लाकडी पादत्राणांऐवजी तिच्या गुडघ्यांसाठी सपाट झोरी काढून ठेवल्या होत्या, तेही मी विचारण्याआधीच. ओतानी नदीकाठच्या विलोच्या झाडांखालून आम्ही सावकाश चाललो, दगडी पुलांवर थांबलो आणि खट खट वाजणाऱ्या गेतांचा आवाज ऐकत राहिलो.

तिसऱ्या सकाळी आईनेच विषय काढला. जखमी पायांचा करकोचा जिथे पाण्यात उभा राहून बरा झाला अशी आख्यायिका आहे, त्या कोनोयू या स्नानगृहाबद्दल तुम्ही तिला चित्र काढून सांगितले होते. हेच करकोचे जपानच्या मोकळ्या रानातून 1971 मध्ये नाहीसे झाले आणि 2005 पासून तुमच्याच तोयोओका शहराच्या भातखाचरांवर पुन्हा सोडले गेले, हेही तिला मी सांगितले होते. “चल, करकोच्याच्या पाण्यात जाऊन येऊ,” ती म्हणाली. आत तिने छोटा पंचा समोर धरला आणि ती उतरली. शेजारच्या एका आजींनी आपली बादली सरकवून तिला जागा करून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी बराच वेळ दोघी काहीबाही बोलत होत्या.

आईने तुमच्यासाठी एक गोधडी शिवली आहे. ती याच पार्सलात आहे. वरचा निळा तुकडा तिच्या लग्नातल्या इरकली साडीचा आहे, कडेचा पिवळा माझ्या बारशाच्या लुगड्याचा. टाके हाताचे आहेत आणि काही ठिकाणी वाकडे गेले आहेत, कारण संध्याकाळी तिला नीट दिसत नाही, पण दुसऱ्या कोणाला तिने सुई लावू दिली नाही. गोधडी थंड पाण्यात धुवावी, पिळू नये आणि सावलीत वाळत घालावी, असा तिचा निरोप आहे. नाकाईसान आमच्यासाठी ज्या कोपऱ्यात अंथरूण घालत असत, त्या खोलीत ती राहावी, असेही तिने लिहायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
पुण्याहून, आईसह